अर्जातला प्रथमपुरुष

महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला आहे आणि अर्जुन त्याच्या समाचाराला आला आहे. कर्ण मारला गेला असावा अशा समजुतीने युधिष्ठिर आधी आनंदतो. तो अजून जिवंत आहे हे कळताच संतापाच्या भरात अर्जुनाला म्हणतो की, तुझे गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन, ही अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. तो खड्ग उपसतो. श्रीकृष्ण मधे पडतो आणि तोड काढतो : ज्येष्ठाला एकेरी संबोधून त्याचा अवमान करणे हा त्याचा वधच होय. अर्जुन तसे करतो; पण बोलून झाल्यावर त्याला स्वतःची शरम वाटते आणि तो पुन्हा खड्ग उपसतो, ह्या वेळी स्वतःवर चालवण्यासाठी. तेव्हा श्रीकृष्ण दुसरी तोड सांगतो. स्वतःच्या मुखाने स्वतःचे गुण गा, तीच आत्महत्या. आणि अर्जुन आपल्या पराक्रमांची यादी सांगू लागतो.

ह्या प्रसंगाची आठवण मला काही वर्षांपूर्वी शहपुऱ्यात झाली, तीही अगदी अनपेक्षित निमित्ताने. शहपुरा हे जबलपूर जिल्ह्यातले, जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तहसिलीचे गाव. रेल्वेने येणाऱ्याला भिटोनी स्थानकावर उतरावे लागते, म्हणून लोक दोन्ही नावे जोडून ‘शहपुरा-भिटोनी’ असेही म्हणतात. दुसरे एक शहपुरा दिंडोरी जिल्ह्यात आहे, आणि आमची पत्रे पूर्वी तिकडे फिरून येत. नर्मदा येथून फार लांब नाही. जमीन काळी, कसदार. हिवाळ्यात जिकडे पाहावे तिकडे मटार. जबलपूर आणि नागपूर १९५६ सालापर्यंत एकाच प्रांतात होती, त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेली आणि प्रांत वेगळे झाल्यावरही इथेच राहिलेली मराठी कुटुंबे ह्या भागात बरीच. त्यांपैकीच एका कुटुंबातली मुलगी (मुलगी म्हणायचे, वयाची चाळिशी तिने गाठली होती) एका शासकीय खात्यात लहान मुलांच्या पोषणाचे काम पाहात होती. सार्वजनिक सेवेत असलेल्या, कारकिर्दीच्या मध्यावर पोहोचलेल्या लोकांसाठी एक आंतरराष्ट्रीय फेलोशिप असते, तिच्यासाठी तिला अर्ज करायचा होता. इंग्रजी पाहून द्या, एवढेच तिचे माझ्याकडे मागणे होते. इंग्रजीत पाहण्यासारखे फारसे काही नव्हते; अडचण निराळीच निघाली.

ह्या जातीच्या फेलोशिपांमागची कल्पना मोठी उमदी आहे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध अमेरिकेचे एक माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री ह्यांच्या नावाची. १९७८च्या जानेवारीत हंफ्री वारले आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांच्या कारकिर्दीत ती सुरू झाली. योजना अशी की, देशोदेशीच्या शासकीय आणि सामाजिक सेवेत काही वर्षे राबलेल्या माणसांना सुमारे दहा महिने एखाद्या विद्यापीठात आणून ठेवायचे. पदवी द्यायची नाही, परीक्षा घ्यायची नाही. वाचा, पाहा, आपल्यासारखे काम करणाऱ्यांत मिसळा, आणि परत जा. आपण मराठीत अशा गोष्टीला सरसकट ‘शिष्यवृत्ती’ म्हणतो. चाळिशीच्या अधिकाऱ्याला पुन्हा शिष्य व्हायला लावणारा हा शब्द मला मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अधिक आवडतो, पण तो विषय वेगळा.

अर्जात मुख्य प्रश्न तीनचार. आपण आपल्या क्षेत्रात काय साध्य केले? कोणत्या प्रसंगी नेतृत्व केले? कोणती अडचण आली व ती आपण कशी सोडवली? परत गेल्यावर शिकलेल्याचा उपयोग कसा कराल? पहिल्या तीन प्रश्नांना तिने लिहिलेली उत्तरे मी वाचली आणि चकित झालो. सहा पाने मजकूर होता आणि त्यात ‘मी’ हा शब्द एकदाही नव्हता. मोहीम राबवण्यात आली. बैठका घेण्यात आल्या. मुलांची वजने नियमितपणे घेतली जातील अशी व्यवस्था करण्यात आली. वजन कमी असलेल्या मुलांची संख्या लक्षणीय प्रमाणात खाली आणण्यात आली. जणू कोण्या अदृश्य हाताने हे सारे घडवले होते आणि ही बाई जवळ उभी राहून फक्त नोंद करीत होती.

मी म्हटले, “अगं, ते तुला विचारताहेत, तू काय केलेस. ह्यात तू कुठे आहेस?”

ती म्हणाली, “काका, हे सगळे मी केले असे कसे लिहू? वजने घेतात त्या कार्यकर्त्या. मुलांना हाताला धरून आणतात त्या मदतनीस. वजनकाटा बिघडला की आमचा शिपाई तो सायकलवर बांधून जबलपूरला नेतो. मी काय केले? सह्या केल्या.”

तिच्या बोलण्यात नाटकीपणा नव्हता. सतरा वर्षे जी माणसे सरकारी टिप्पणीच्या भाषेत वावरतात त्यांची वाक्ये कर्त्याविना चालू लागतात, आणि कालांतराने मनही तसेच चालू लागत असावे. शिवाय आपल्या संस्कारांचा हातभार आहेच. समर्थांनी मूर्खांची लक्षणे मोजताना स्वतःची वाखाणणी करणाऱ्याला त्यांत जागा दिली आहे. पेशवाईतली कोणतीही विज्ञापना उघडून पाहावी. लिहिणारा स्वतःला जितके लहान करता येईल तितके करून मगच मागणे मांडतो. इंग्रजी अमदानीत ती जागा ‘आपला आज्ञाधारक’ ह्या सहीने घेतली. अर्ज ह्या शब्दातच विनवणी आहे. आणि हा नवा अर्ज म्हणतो की, विनवू नकोस, स्वतःला सिद्ध कर. ज्या समाजात वाढताना स्वगुणवर्णन हे आत्महत्येच्या तोडीचे ठरवले गेले, त्या समाजातल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे परक्या शिष्टाचाराची परीक्षाच वाटणार.

माझी पहिली प्रतिक्रिया तिच्या बाजूची होती, हे कबूल केले पाहिजे. सार्वजनिक काम हे स्वभावतःच अनेकांचे असते. त्यातून एकाचा वाटा कापून काढून पानावर ठेवणे म्हणजे गावच्या विहिरीतले पाणी घागरीत भरून ‘हे माझे पाणी’ म्हणण्यासारखे. पाश्चात्त्य व्यक्तिवाद, आपली सामुदायिक वृत्ती, वगैरे दोनचार गोष्टी मी तिला ऐकवल्यासुद्धा. ऐकवताना बरे वाटत होते. अशा गोष्टी ऐकवताना नेहमीच बरे वाटते, आणि तिथेच थोडे सावध व्हायला हवे होते.

कारण दुसऱ्या दिवशी ती जी वही घेऊन आली, तिने माझे व्याख्यान निकालात काढले.

अर्जासाठी आकडे जुळवताना तिने मागच्या काही वर्षांच्या नोंदी पुन्हा तपासल्या होत्या. कमी वजनाच्या मुलांचा आकडा खाली आला होता हे खरे. त्यातला काही भाग निखालस कामाचा होता. ती पोरे तिने डोळ्यांनी पाहिली होती, त्यांच्या आयांशी ती बोलली होती. पण काही भाग असा होता की, मुले सुधारली म्हणून नव्हे, तर ती वहीत राहिली नाहीत म्हणून आकडा उतरला होता. कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर जात. महिनोन् महिने गैरहजर असलेल्या मुलाचे नाव कमी होई. कुणी खोटेपणा केला नव्हता. वहीची रीतच तशी होती. आणि जी कुटुंबे बाहेर जात ती बहुधा सर्वांत गरीब. म्हणजे ज्या मुलांचे वजन सर्वांत कमी, तीच यादीतून आधी गळत.

ह्याची दुसरी बाजू आमच्याच शेतांत होती. मटाराच्या तोडणीला शहपुरा-पाटणच्या पट्ट्यात मंडला-दिंडोरीकडची आदिवासी मजूर कुटुंबे येतात. थंडीच्या दिवसांत पहाटेपासून बायामाणसे वाफ्यांत वाकलेली असतात आणि बांधावर, गोणपाटावर, त्यांची तान्ही आणि रांगती मुले. ती मुले आपल्या गावच्या वहीतून गळलेली आणि आमच्या गावच्या वहीत न आलेली. त्या दोनतीन महिन्यांत त्यांना कोणी वजन करून पाहात नाही. “काका,” ती म्हणाली, “रोज त्या रस्त्याने जाते मी. ती मुले मला दिसतात. पण ती माझी नाहीत, असे मी धरून चालले होते.”

मग मी तिची सहा पाने पुन्हा वाचली. ह्या वेळी निराळ्या नजरेने. ‘वजन कमी असलेल्या मुलांची संख्या खाली आणण्यात आली.’ आदल्या दिवशी मला ज्या वाक्यात विनय दिसला होता त्यात आता आडोसा दिसू लागला. कर्ता गाळला की श्रेय गळते; पण त्याच भोकातून दोषही गळून जातो. ‘आणण्यात आली’ म्हणणाऱ्याला कोणी विचारू शकत नाही की, कशी आणलीस, कुणाला मोजलेस, कुणाला सोडलेस. आपल्या कचेऱ्यांतून ही भाषा इतकी का रुजली ह्याचे उत्तर नम्रतेत शोधणे भाबडेपणाचे आहे. तिने माणसाला स्तुतीपासून वाचवले असेल, पण जबाबदारीपासून कितीतरी अधिक वाचवले.

व्याकरणातून नीतिशास्त्र काढू नये, हे मला ठाऊक आहे. तरी मराठीच्या एका लकबीकडे लक्ष वेधण्याचा मोह आवरत नाही. ‘मी काम केले, मी मोहीम चालवली, मी वर्ग भरवले’ ह्या वाक्यांत ‘मी’ आहे, पण क्रियापद त्याच्या अंकित नाही. ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते. बोलणारा पुरुष असो की स्त्री, क्रियापदाला त्याची खबर नाही. ते कामाकडे पाहून आपले रूप ठरवते. ह्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. ह्याउलट ‘मी चुकलो’ म्हणताच क्रियापद कर्त्याला घट्ट धरते; पुरुष असेल तर ‘चुकलो’, स्त्री असेल तर ‘चुकले’. म्हणजे आपल्या भाषेत केलेले काम कामाच्या नावावर जमा होते आणि चूक मात्र ज्याची त्याला आपल्या अंगावर वागवावी लागते. ‘करण्यात आले’ ही सरकारी रचना ह्या दोन्ही वाक्यांना पर्याय म्हणून आली. ‘मी केले’ म्हणण्याची लाज तिने झाकली, असे आपण समजतो. ‘मी चुकले’ म्हणण्याची वेळ तिने येऊच दिली नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही.

तेव्हा अर्जातला ‘मी’ हा निव्वळ परक्यांचा उद्धटपणा नव्हे, एवढे तरी मला मान्य करावे लागले. तो एक प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न विचारण्याची सोय आपल्या कचेरीच्या भाषेने ठेवलेली नाही.

परदेशी शिक्षणासाठी मराठी माणसाने केलेल्या अर्जांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातला आद्य म्हणावा असा अर्ज आनंदीबाई जोशी ह्यांचा. १८८३च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात, अमेरिकेस का जाते हे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. लोक जे आक्षेप घेत होते ते एकेक प्रश्नरूपाने घेऊन त्यांनी त्यांची उत्तरे दिली. अठरा वर्षे पुरी व्हायची होती. त्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. दाखवण्यासारखे कर्तृत्व त्या वयात असणार कुठून? त्यांनी आपल्या निश्चयाकडे बोट दाखवले. आप्तांच्या आणि जातीच्या विरोधाला न जुमानता आपण इथवर आलो, हाच निश्चय पुढेही कामी येईल, आणि पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांसाठी आपण हे करीत आहोत, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात ‘मी’ आहे, ठळक आहे. पण तो ‘मी’ मागे वळून केलेल्या कामांची मोजदाद करीत नाही. तो पुढच्या एका कर्जाला जामीन राहतो. ते कर्ज फेडणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अर्जातले एकही आश्वासन शब्दशः पाळले गेले नाही आणि तरीही तो अर्ज खोटा होता असे म्हणायला कुणाची जीभ उचलणार नाही. म्हणजे अर्जाचा खरेपणा त्यातली वाक्ये पुढे खरी ठरली की नाही ह्यावर अवलंबून नसतो. लिहिताना माणूस त्या वाक्यांना कितपत बांधला गेला होता, ह्यावर तो असतो.

बांधले जाण्याचा हा मुद्दा चौथ्या प्रश्नाशी येऊन भिडतो. परत आल्यावर काय कराल? सरकारी नोकराला तर अध्ययनरजेसाठी बंधपत्रच लिहून द्यावे लागते. परतल्यावर इतकी वर्षे सेवा करीन, नाहीपेक्षा पैसे भरीन. असेच एक बंधन १९१३ साली भीमराव आंबेडकरांनी पत्करले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची असा करार होता. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. पुढचे सर्वश्रुत आहे. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या वसतिगृहात त्यांना पारशी नाव सांगून उतरावे लागले, तिथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि ते बडोदे सोडून निघाले. करार मोडला, असे हिशेबाची वही म्हणेल. कोणी मोडला? परतणाऱ्याने, की ज्या जागी परतायचे तिने? आणि त्या विद्येची फेड पुढे ज्या प्रमाणात झाली, ती पाहता दहा वर्षांची नोकरी हे मोजमाप हास्यास्पद वाटू लागते. तरी मी बंधपत्राच्या विरुद्ध नाही. ‘मी सबंध मानवजातीचे ऋण फेडीन’ असे म्हणणे फार सोपे असते. अमुक कचेरीत, अमुक टेबलाशी परत येईन, हे म्हणणे कठीण. आंबेडकर त्या टेबलाशी परत गेले होते, हे विसरता कामा नये.

कारकिर्दीच्या मध्यावर जाणाऱ्यांचे उदाहरण हवे असेल तर रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या डॉक्टर दांपत्याचे घ्यावे. वेल्लोरला शिकून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात दोघांनी काही वर्षे काम केले होते. मग ते अमेरिकेत गेले. शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि १९७० साली जामखेडला येऊन कामाला लागले. रुग्णालयात बसून रोगी तपासताना जे दिसत नव्हते ते दूर गेल्यावर दिसले : रोग मुळात गावात आहे, पाण्यात, उपासमारीत, जातीच्या उतरंडीत, आणि त्यावरचे काम डॉक्टरपेक्षा गावातलीच एखादी, बहुधा निरक्षर, बहुधा दलित स्त्री चांगले करू शकेल. जामखेडच्या आरोग्य-कार्यकर्त्या अशा तयार झाल्या. १९७९ साली आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता ‘आपण काय साध्य केले’ ह्या प्रश्नाला आरोळ्यांनी काय उत्तर द्यावे? त्यांचे सारे कर्तृत्व ह्यातच आहे की, जे काम त्यांचे मानले जाई ते त्यांनी दुसऱ्यांचे करून टाकले. ‘मी केले नाही, त्यांनी केले, आणि त्यांनी करावे हे मी केले’ असे काहीतरी वाक्य तिथे लिहावे लागेल. शहपुऱ्याच्या आमच्या मुलीला ‘सह्या केल्या’ म्हणताना हेच म्हणायचे असावे. फक्त त्यातला दुसरा अर्धा भाग तिला सापडत नव्हता. कार्यकर्तीच्या कामात कोणी ढवळाढवळ करणार नाही एवढे पाहणे, वजनकाटा बिघडलेला असताना अंदाजाचे आकडे न स्वीकारणे, हे कृत्य आहे. त्याला कर्ता आहे.

मधल्या काळात मी तिला असे सुचवले की, मटाराच्या बांधावरची ती मुले अर्जात येऊ देत. तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे. आलेली अडचण सोडवली कशी, ह्यापेक्षा अडचण सतरा वर्षे दिसली कशी नाही हे सांगणारा अर्ज कोणी वाचला तर त्याचेही भले होईल. तिच्या एका हितचिंतकाचा सल्ला नेमका उलट. अर्जात उणे दाखवायचे असते ते चवीपुरते, जे शेवटी अधिक ठरेल असे. स्वतःच्याच आकड्यावर शंका घेणारा उमेदवार कोण निवडील? व्यवहार म्हणून त्याचे बरोबर होते.

तिने दोघांचेही ऐकून घेतले आणि मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ती म्हणाली, “काका, समजा मी ते लिहिले आणि त्यासाठीच माझी निवड झाली, तर? प्रामाणिक बाई आहे, स्वतःची चूक सांगते, म्हणून. मग ती मुले माझ्या तिकिटाच्या कामी आली असे होईल ना?”

श्रीकृष्णाच्या तोडीतला पेच मला तेव्हा पुरता कळला. आत्मस्तुती टाळण्याचा मार्ग म्हणून माणूस आत्मनिंदेकडे वळतो, आणि तिथेही स्तुती त्याच्या आधी जाऊन बसलेली असते. संतांना हे ठाऊक होते. म्हणून ते स्वतःला पतित म्हणवतात ते देवापुढे, निवड समितीपुढे नव्हे. जिथे ऐकणाऱ्याच्या हाती द्यायला काही आहे तिथे कबुलीही सौदा होऊ शकते. शिवाय दुसऱ्याचे दुःख आपल्या कथनात वापरण्याचा प्रश्न आहेच, आणि तो केवळ अर्जदारांचा नाही. आम्ही लेखक मंडळी त्या बाबतीत कुणाला उपदेश करण्याच्या स्थितीत नाही. हा लेखही त्याच मुलांवर उभा आहे.

पण ह्या पेचातून न लिहिणे हा सुटकेचा मार्ग ठरतो काय? मला तसे वाटत नाही. हेतू संपूर्ण निर्मळ झाल्यावरच खरे बोलायचे असे ठरवले तर खरे बोलणे कायमचे तहकूब होईल. आपल्या शुद्धतेची काळजी, ती कितीही सूक्ष्म असली तरी, शेवटी आपलीच काळजी असते. त्या मुलांच्या बाजूने पाहिले तर त्यांची नोंद कोणत्या हेतूने झाली ह्याला काडीची किंमत नाही. ती झाली की नाही, ह्याला आहे. मात्र एक अट मला घालावीशी वाटते. अर्जात जे ‘मी चुकले’ म्हणून लिहायचे ते आधी जिथे चूक झाली तिथे, त्या माणसांपुढे म्हटलेले असावे. वॉशिंग्टनला कळवायची कबुली शहपुऱ्याला ठाऊक नसेल तर ती कबुली नव्हे. हे मला सुचले ते फार उशिरा. तिला ते सांगायला गेलो तेव्हा, मी सांगण्याची गरज उरलेली नव्हती.

अर्ज गेला. त्यात ‘मी’ होता. मोजून अकरा ठिकाणी होता, असे तिनेच हसत सांगितले. कार्यकर्त्यांचे काम त्यांच्या नावावर होते आणि तिचे तिच्या. आकडा खाली का आला ह्याची दोन्ही कारणे, चांगले आणि वाईट, तिने सहा ओळींत दिली होती, कोणतेही विशेषण न लावता. बांधावरच्या मुलांविषयी एकच वाक्य होते : ही मुले आमच्या मोजणीत येत नाहीत, आणि ती कशी आणता येतील हे मला अजून ठाऊक नाही. ‘परतल्यावर काय कराल’ ह्या प्रश्नाचे उत्तर तिने ह्या वाक्याच्या आधारानेच दिले होते. निवड झाली की नाही हा ह्या लेखाचा विषय नाही. झाली नाही, एवढे सांगून टाकतो. कारणे अशा ठिकाणी कळत नाहीत आणि त्यांचा तर्क करण्यात अर्थ नसतो.

त्याच हिवाळ्यात एकदा सकाळी मी तिच्याबरोबर पाटणच्या बाजूला गेलो होतो. धुके अजून उठायचे होते. रस्त्याच्या कडेला गोण्यांची थप्पी, पलीकडे वाकलेल्या पाठी. बांधावरच्या बाभळीला तिच्या कार्यकर्तीने झोळीचा वजनकाटा टांगला होता आणि एक आई, हातांचा हिरवा रस लुगड्याला पुसत, मूल झोळीत ठेवायला काचकूच करीत होती. काटा मुलाला लागेल अशी तिला भीती वाटत होती. कार्यकर्ती तिच्याशी गोंडी मिसळलेल्या हिंदीत काहीतरी बोलली, ती हसली. मूल झोळीत गेले, रडले, बाहेर आले. आमची मुलगी बाजूला उभी राहून एका साध्या, दुकानातून विकत आणलेल्या वहीत आकडा लिहीत होती. ह्या वहीला वरून आलेला कोणताही आदेश नव्हता. आकडा लिहून झाल्यावर तिने त्या आईला विचारले, पुढच्या महिन्यात कुठे असाल? आईने दोन गावांची नावे सांगितली आणि म्हणाली, नाहीतर घरी. तिने तिन्ही लिहून घेतली.